वाड्याचा सामाईक निधी: उभा कसा करायचा, कोणाच्या हाती ठेवायचा

मिळून पैसा काढायला गोव्यात कोणाला शिकवावं लागत नाही. जत्रेची वर्गणी, रांपणीतला वांटा, चवथीच्या तोंडावर फुटणारी भिशी, हे सगळं चालूच असतं. अडतं ते त्याच्या पुढे. वर्गणी एका दिवसासाठी असते आणि भिशी वर्षभरात संपते. झरीची डागडुजी, काजूच्या हंगामापुरतं भांडवल, विधवेच्या घरातलं अचानक आलेलं आजारपण, यांसाठी लागणारा पैसा मात्र वर्षानुवर्षं टिकावा लागतो. तो येतोही वेगवेगळ्या वाटांनी: आपली बचत, सरकारी योजना, खाणपट्ट्यातला जिल्हा खनिज निधी, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे त्यांना समाजकार्यावर खर्च करावा लागणारा पैसा.

सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत, किंवा पेडण्याच्या किनाऱ्यावर, वाड्यापुरता किंवा दोन-चार वाड्यांचा मिळून असा निधी उभा करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात गटाच्या बाया असतील, शेतकरी मंडळ असेल, एखादा शिक्षक किंवा पंच असेल. पैसा मिळवण्याच्या युक्त्यांपेक्षा नियमांवर इथे जास्त लिहिलं आहे, कारण निधी बुडतो किंवा मूठभरांचा होतो तो पैसा येण्याच्या आधीच ठरलेल्या, किंवा न ठरलेल्या, गोष्टींमुळे.

गावकारीकडून काय घ्यायचं, काय सोडायचं

पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून गोव्यातल्या बऱ्याच गावांची शेतजमीन गावकारीच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेच्या, सामाईक मालकीची होती. १५२६ साली आफोन्सो मेशियाच्या फोरालात (सनदेत) या रूढी लेखी नोंदल्या गेल्या. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद म्हणू लागले आणि तिचा कारभार आजही १९६१ च्या संहितेनुसार चालतो. पद्धत अशी: शेतं पावणीवर (लिलावाने) द्यायची, आलेल्या पैशातून बांध, मानस (पाण्याची दारं), पाट आणि देवळाचा खर्च भागवायचा, सरकारचं देणं द्यायचं, आणि उरेल ते गावकारांत झोण म्हणून वाटायचं. आधी देखभाल, मग वाटप. खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध इतकी शतकं खाऱ्या पाण्याला अडवून उभे राहिले त्यामागे हा क्रम आहे. तो जसाच्या तसा उचलावा.

पण झोण मिळायची कोणाला? बहुतेक ठिकाणी गावकार घराण्यांतल्या पुरुष वंशजांना. शेतात राबणारं कूळ, भाटकाराच्या जमिनीत घर असलेला मुंडकार, रोजावर येणारी गावडा-कुणबी माणसं आणि कुठल्याही घरातली बाई यांचा त्यावर हक्क नव्हता. कष्ट सामाईक, खजिना मात्र काही घरांचा. आजही निधी निघतात तेव्हा तेच घडतं, फक्त वंशाच्या जागी पावतीपुस्तक येतं. ज्याला पहिल्या दिवशी हजार रुपये भरता येतात तो संस्थापक होतो, आणि ज्याच्यासाठी निधी काढला असं सांगितलं जातं तो लाभार्थी म्हणून दारात उभा राहतो.

म्हणून पहिली गोष्ट कागदावर अशी लिहा: वाड्यात राहतो तो सभासद होऊ शकतो. जमीन, जात, आडनाव किंवा भरलेल्या रकमेचा आकडा यावर सभासदत्व अवलंबून नाही. एका सभासदाला एक मत.

पहिली पायरी: घरोघर यादी

उद्दिष्टं लिहिण्याआधी यादी करा. दोन-दोन बायांनी मिळून प्रत्येक घरी जायचं. पंचांच्या माणसाने एका जागी बसून नावं सांगायची आणि दुसऱ्याने लिहायची, ही यादी नव्हे. काजूच्या दिवसांत माणसं दुपारपर्यंत डोंगरावर असतात आणि संध्याकाळी भट्टीवर. तेव्हा हे काम काढू नये. चवथ झाली की सरद भाताची कापणी लागेपर्यंतचे दिवस बरे.

विचारायचं ते उत्पन्न नव्हे. उत्पन्नाचा आकडा कोणी खरा सांगत नाही, आणि का सांगावा? त्यापेक्षा हे विचारा: घर कोणाच्या जमिनीत आहे आणि त्याचा कागद आहे का? जून ते सप्टेंबर घर कशावर चालतं? शेवटचं मोठं आजारपण आलं तेव्हा पैसे कोणाकडून घेतले आणि ते फिटले का? घरातल्या बाईच्या नावावर बँक खातं आहे का? जातीचा दाखला, रेशनकार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांतलं काय अडलंय? गृह आधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा पैसा वेळेवर येतो का?

या उत्तरांतून वाड्याचं खरं चित्र दिसतं, आणि ते बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा काल-परवापर्यंत बरी म्हणवणारी घरं ट्रकाच्या हप्त्याखाली आली. पत्र्याऐवजी स्लॅब होता, पण कमाईची वाट एकच होती. उलट, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि दोन गुरं असलेलं साधं घर अशा वेळी तग धरतं. तेव्हा घराच्या भिंती पाहून कोणाला कोणत्या यादीत टाकायचं ते ठरवू नका.

काही घरं हमखास सुटतात. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे दीड लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती. त्यांच्यासाठी आदिवासी कल्याण खात्याच्या योजना आहेत. गवळी-धनगरांची तीच मागणी वर्षानुवर्षं लोंबकळते आहे, त्यामुळे त्याच डोंगरावरचं धनगराचं घर त्या योजनांच्या बाहेर राहतं. आपला निधी ही फट भरू शकतो, पण त्यासाठी ते घर आधी यादीत यायला हवं. तीच गत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांची. वरच्या नियमात ते बसत असले तरी त्यांना मतासह सभासद करायचं की नाही यावर वाड्यात वाद होणार, होऊ द्या. निदान आजारपणाच्या मदतीत त्यांना धरावं, असं माझं मत आहे. घर कोसळलं, ताप आला, तर मदतीला आधी शेजारीच लागतो.

यादी पूर्ण झाली की वाड्याच्या बैठकीत वाचा, पण घरांची खासगी माहिती नव्हे. फक्त कोणती घरं पहिल्या, म्हणजे सगळ्यात गरजू घरांच्या, गटात आहेत ते सांगा आणि हरकती घ्या. बैठकीची जागाही विचार करून ठरवा. मांड, म्हणजे वाड्याची परंपरेने जमायची जागा, सगळ्यांना जवळचा वाटतो हे खरं, पण तिथे देवाधर्माचे आणि मानाचे नियम असतात. वाड्यात हिंदू, नवहिंदू (पुन्हा हिंदू झालेली) आणि ख्रिस्ती गावडा घरं शेजारी-शेजारी असतील, किंवा बायकांनी बोलायचं असेल, तर अंगणवाडी किंवा शाळा बरी.

दुसरी पायरी: पैसे एकत्र करायचे, पण एका डब्यात नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एकत्र निधी म्हणजे सगळा पैसा एका खात्यात, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. काही पैसा खात्यात एकत्र येतो, काही पैसा फक्त आराखड्यात एकत्र येतो. पंचायत वित्त आयोगाच्या निधीतून पाण्याची टाकी बांधेल, पण तो पैसा तुमच्या संस्थेच्या खात्यात कधीच येणार नाही. काम निविदेनेच होणार. तरीही टाकी तुमच्या आराखड्यात हवी, म्हणजे तिच्यापासून घरापर्यंतच्या नळासाठी किंवा शेवटच्या चार घरांसाठी तुम्ही दुसरीकडून तजवीज करू शकाल.

खात्यात येणारा पैसा चार डब्यांत ठेवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात ठरावाशिवाय रुपयाही हलवू नका.

पहिला डबा बचतीचा. तो सभासदांचा आहे आणि मागितला की परत द्यायचा आहे. दुसरा फिरत्या भांडवलाचा, म्हणजे कर्जाऊ जाऊन परत येणारा. तिसरा संकटाचा: आजारपण, मृत्यू, घर पडणं. चौथा ठरावीक कामासाठी आलेल्या अनुदानाचा. तो त्याच कामावर खर्च करून त्याचा हिशोब देणाऱ्याला द्यायचा.

हे वेगळे का? समजा सीएसआरमधून मिरची वाळवण्याच्या सोलर ड्रायरसाठी पैसे आले आणि वाड्यात कोणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ॲडमिट केलं. अनुदान हाताशी पडून आहे, कोणीही ते उचलून देईल, आणि माणुसकीच्या दृष्टीने त्यात चुकीचं काही दिसणार नाही. सहा महिन्यांनी खर्चाचा दाखला द्यायची वेळ आली की मात्र तो पैसा नसतो, आणि पुढचा हप्ता थांबतो. संकटाचा डबा आधीच भरलेला असेल तर ही वेळच येत नाही.

राज्य ग्रामीण उपजीविका अभियानात तुमचे स्वयंसाहाय्य गट असतील तर यातला अर्धा सांगाडा तयारच आहे. दहा ते वीस बायांचा गट, गटांचा मिळून ग्रामसंघ, ज्याला बैठकीत सगळ्या व्हीओच म्हणतात, आणि त्यावर क्लस्टर पातळीवरचा संघ. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि पूर्ण लिहिलेल्या वह्या ही पंचसूत्री तीन महिने पाळली की गट २० ते ३० हजार रुपयांच्या फिरत्या निधीला पात्र होतो. पुढे संघामार्फत प्रत्येक गटाला कमाल अडीच लाखांपर्यंतचा समुदाय गुंतवणूक निधी मिळू शकतो. ग्रामसंघाला अतिगरजू घरांच्या जोखमीसाठी दर सभासदामागे दीड हजार रुपयांच्या हिशोबाने वेगळा निधी असतो. नेमका हाच तिसरा डबा. बऱ्याच ठिकाणी तो नीट मागितला जात नाही, आणि मिळाला तर साध्या कर्जासारखा वाटून टाकला जातो.

आकड्यांत पाहू. सहा गट, ७२ बाया, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. वर्षाचे ८६,४०० होतात. त्यातले ८० रुपये आपापल्या गटातच राहू द्या आणि फक्त २० सामाईक डब्यात घ्या, वर्षाला १७,२८०. जोखमीचा निधी मिळाला तर ७२ गुणिले दीड हजार, म्हणजे १,०८,०००. रक्कम मोठी नाही. पण रात्री गाडी ठरवून रुग्णाला न्यायला पाच हजार लागतात तेव्हा ते सोनं गहाण न टाकता मिळतात, एवढं त्यात नक्की होतं.

भांडवल मोठं हवं असेल तर बँक आहे. गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत वेगळं ऐकायला मिळालं तर अभियानाच्या तालुका पातळीवरच्या माणसाला सोबत न्या. वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

एक धोक्याची सूचना. गटाच्या सभासदांनी आपसात बचत करणं वेगळं आणि 'आमच्याकडे ठेवा, इतकं व्याज देऊ' म्हणून लोकांकडून ठेवी घेणं वेगळं. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे. गटांच्या सभासदांच्या नियमित वर्गणीला त्यात मर्यादेत सूट आहे, बाकीच्यांना नाही. मुंबईतला किंवा आखातातला गावकरी प्रेमाने पाच लाख ठेव म्हणून द्यायला आला तर ती देणगी म्हणून घ्या, नाहीतर नम्रपणे परत पाठवा.

तिसरी पायरी: संस्थेचं रूप

गट आणि ग्रामसंघ पुरेसे असतील तर नवी संस्था काढूच नका. प्रत्येक नोंदणीबरोबर दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं आणि एका शिकलेल्या माणसावरचं अवलंबन येतं, आणि तो माणूस पणजीला नोकरीला लागला की सगळं अडतं.

बाहेरून अनुदान किंवा सीएसआर हवं असेल तर १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवता येते. निदान सात जण लागतात. तिने गरजूंना मदत करावी, कामं करावीत, पण व्याजाने कर्ज वाटू नये. कर्ज गटांतूनच जाऊ द्या, नाहीतर सावकारी कायद्याचे प्रश्न उभे राहतात. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी असेल आणि तिचा कारभार बरा असेल, तर वेगळी पतसंस्था काढण्यापेक्षा तिचेच सभासद व्हा. पाच-पन्नास माणसं सभासद झाली की वार्षिक सभेत तुमचा आवाज ऐकावाच लागतो. माल एकत्र विकायचा असेल तर उत्पादक कंपनीचा विचार करा. दहा उत्पादक पुरतात, पण कंपनी कायद्याचं ओझं पाहता शे-दीडशे माणसांच्या मालाशिवाय ती परवडत नाही.

परदेशी पैशाविषयी इथेच सांगतो. गोव्यात जवळपास प्रत्येक गावाचं कोणीतरी बाहेर आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच. परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायला केंद्रीय गृहखात्याची एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे एका मोठ्या संस्थेने परदेशी निधी आणायचा आणि वाड्या-वाड्यांच्या छोट्या संस्थांना वाटायचा, ही वाट आता बंद आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या खात्यातून देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याची धरली जाते. पावती फाडण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारा.

चौथी पायरी: नियमावली, आणि ती पैसा येण्याआधी

नमुन्याची नियमावली कोणीही देईल. तिच्यात जे नसतं ते तुम्ही घाला.

वाटपाचा क्रम आधी लिहा. पहिल्या वर्षी फिरत्या भांडवलातली निदान निम्मी रक्कम यादीतल्या पहिल्या गटातल्या घरांना गेल्याशिवाय बाकीच्यांचे अर्ज उघडायचे नाहीत. हा नियम वाचून कुरकुर होईल: 'ते फेडणार कसे?' उत्तर असं की त्यांना छोटी रक्कम आणि हंगामाला जुळणारी परतफेड द्या. काजूवर जगणाऱ्या घराला दरमहा हप्ता बांधून दिला तर पावसाळ्यात ते थकणारच. त्यांचा हप्ता मार्च ते मे. मासेमारी करणाऱ्याचा जून-जुलैच्या बंदीत शून्य. दूधवाल्याचा दर पंधरवड्याला, कारण त्याला सोसायटीचं बिल तसं मिळतं. पगारदाराच्या सोयीचा कालावधी शेतमजुराला लावला की थकबाकी तिथेच तयार होते.

गणसंख्या नुसती माणसांची नको. बैठकीला हजर असलेल्यांत पहिल्या गटातल्या घरांची निदान एक तृतीयांश माणसं असली तरच पैशाचा ठराव होईल, असं लिहा. त्याचा उपयोग असा की ती माणसं आली नाहीत तर बाकीच्यांना जाऊन त्यांना बोलवावं लागतं. वेळही मग आपोआप त्यांच्या सोयीची होते.

संकटाच्या मदतीसाठी बैठक बोलावत बसू नये. तिघींना अधिकार द्या. त्यांतल्या दोघींनी हो म्हटलं की त्याच दिवशी पाच हजारांपर्यंत द्यायचे, कारण आणि पावती पुढच्या बैठकीत. रक्कम कमी ठेवा, अधिकार मोकळा ठेवा.

समितीतल्या कोणाच्या घरातला अर्ज असेल तर त्या व्यक्तीने त्या वेळी बाहेर जावं. पंच, सरपंच, आमदारांचे कार्यकर्ते सल्लागार असू देत. सहीचा अधिकार त्यांना नको. निवडणुका येतात, पॅनेल बदलतात, आणि निधीवर ज्याची सही असते त्याच्या पक्षाचा तो निधी होतो. पदाधिकारी दोन वर्षांनी बदलायचे आणि लागोपाठ दोनदा तेच पद नाही.

प्रत्येक कामाला तीन प्रश्न लावा. याने झरीचं किंवा विहिरीचं पाणी कमी होईल का? उतारावरची झाडी जाईल का? पाच वर्षांनी दुरुस्ती कोण आणि कशातून करणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर फुकट मिळत असलं तरी ते काम घेऊ नका. गावोगावी बंद पडलेले पंप आणि गंजलेली यंत्रं अशाच फुकटातली आहेत. झर साफ करून तिच्या वरच्या डोंगरावरची झाडी राखायला बोअरवेलपेक्षा कमी पैसे लागतात, फक्त फोटो तेवढा छान येत नाही.

पाचवी पायरी: खातं आणि वह्या

खातं संस्थेच्या किंवा ग्रामसंघाच्या नावावर, तीन सह्या, त्यांतल्या कोणत्याही दोन चालतील, आणि तिघी वेगवेगळ्या घरांतल्या. खजिनदाराच्या खासगी मोबाईलवर गूगल पे करून वर्गणी गोळा करायची सवय आता सगळीकडे लागली आहे. माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा घरखर्च आणि वाड्याचा पैसा एकाच खात्यात मिसळतो आणि वर्षअखेरीला त्याला स्वतःलाही उलगडा होत नाही. बँकेकडून संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड मागा. रोख घेतली तर डुप्लिकेट पावती, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत.

वह्या पाच: इतिवृत्त, रोखवही, खातेवही, कर्जाची नोंद, सभासदाचं पासबुक. अभियानातल्या गटांना लोकओएस ॲपवरही नोंदी कराव्या लागतात. पण हाताची वही बंद करू नका, कारण शंका आली की बाई वही मागते, ॲप मागत नाही. महिन्याच्या शेवटी बँक पासबुकाच्या पानाचा फोटो वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी अंगणवाडीच्या भिंतीवर चार ओळी: आलं किती, गेलं किती, कोणत्या डब्यात किती शिल्लक.

सहावी पायरी: बाहेरचा पैसा

ग्रामसभेपासून सुरुवात करा. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी सर्वसाधारण ग्रामसभा होतात. तुमचा आराखडा एका पानावर लिहून न्या, ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते पुढच्या सभेत वाचून घ्या. पंचायतीच्या विकास आराखड्यात काम चढलं तरच पुढे कोणीतरी त्याला पैसे देऊ शकतो. स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमात पंचायतीला नेमलेला सरकारी माणूस, म्हणजे स्वयंपूर्ण मित्र, असेल तर त्याला यादीची प्रत द्या. अडलेले दाखले सोडवून घ्यायला तो उपयोगी पडतो.

गोव्यात पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र नाही, म्हणून आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने मिळणारे ग्रामसभेचे अधिकार इथे लागू होत नाहीत. शेजारच्या राज्यांतल्या यशोगाथा ऐकून लोक हे गृहीत धरतात आणि पंचायतीत जाऊन आपटतात. वनहक्क कायदा २००६ मात्र लागू आहे. जमिनीचा दावा प्रलंबित असेल तर त्या घराच्या कागदपत्रांचा आणि तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च संकटाच्या डब्यातून करायला हरकत नाही. हातात हक्क आला की कर्जाची गरजच कमी होते.

खाणपट्ट्यात असाल तर जिल्हा खनिज निधीकडे जायलाच हवं. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन हा निधी आला; खाणधारकांनी रॉयल्टीबरोबर त्यात ठरावीक वाटा भरायचा असतो आणि तो बाधित भागातल्या लोकांसाठी आहे. पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, महिला आणि बालकल्याण, वृद्ध आणि अपंग, कौशल्य, स्वच्छता, उपजीविका ही त्यातली अग्रक्रमाची कामं. त्यामुळे 'सभामंडप हवा' असा अर्ज करू नका. गाळ भरलेला ओहोळ उपसणं, गाळाने नापीक झालेलं शेत परत लागवडीखाली आणणं, धुळीने बाधित वस्तीसाठी तपासणी शिबिरं, असं मागा, ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि पोच घ्या. आपल्या पंचायतीत आजवर त्यातून काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जापेक्षा कधी कधी तो प्रश्नच फाईल हलवतो.

सीएसआरचं गणित वेगळं. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. वेर्णा, कुंडई, तुये, पिसुर्ले या वसाहतींत अशा कंपन्या आहेत. पण कंपनी पैसे कोणालाही देऊ शकत नाही. संस्थेकडे बारा-अ आणि ऐंशी-ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर नोंदण्या, कंपनी व्यवहार खात्याकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो. नवी संस्था पहिल्या वर्षी यात बसत नाही. मग जुन्या, विश्वासू संस्थेमार्फत प्रस्ताव द्या, पण आपसात लेखी करार करा: यंत्र कोणाच्या मालकीचं, प्रशासनाला किती टक्के, बिलं कोण ठेवणार. वर्षाचं नियोजन एप्रिलपासून असतं, म्हणून भेट डिसेंबर-जानेवारीत घ्या. मार्चमध्ये 'लगेच पैसे संपवायचे आहेत' म्हणून कोणी घाईने काहीतरी देऊ केलं तर वरचे तीन प्रश्न विसरू नका.

सातवी पायरी: पहिलं काम

लहान, एका हंगामात निकाल दिसेल असं, आणि व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेला पर्याय देणारं. काजू, भिरंड (कोकम) किंवा मिरची घेणाऱ्याकडून पावसाळ्यात उचल घेतली की हंगामात भाव तो सांगेल तो. समजा ३० घरांना प्रत्येकी १० हजार, चार महिन्यांसाठी, महिना एक टक्का. भांडवल तीन लाख, प्रत्येक घरावर व्याज ४०० रुपये, निधीला १२ हजार. व्याजापेक्षा मोठा फायदा असा की बी कधी आणि कोणाला विकायचं ते घर ठरवतं.

भिरंडांची सोलां आणि आगळ, किंवा काणकोणच्या डोंगरउतारावरची खोलची मिरची, यांत वाळवण आणि साठवणीला पैसा घाला. खोलच्या मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव लावून विकायचं तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ही नोंदणी सगळ्यांची मिळून करून देणं, हेसुद्धा सामाईक निधीचं चांगलं पहिलं काम आहे.

थकबाकी आली की

येणारच. जमत नाही आणि देत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला मुदत वाढवून द्या, ठराव करून, नाव न उच्चारता. दुसऱ्याचं गटाच्या जामिनावरचं पुढचं कर्ज थांबवा, मग तो समितीतल्या कोणाचा भाऊ असला तरी. भिंतीवर थकबाकीदारांची नावं लावू नका. लाज वाटते ती गरिबाला, मुरलेल्याला नाही. दरवर्षी व्याजातून दहा टक्के बुडीत कर्जासाठी बाजूला काढा, म्हणजे एका घराच्या संकटाचा भार दुसऱ्याच्या बचतीवर पडणार नाही.

वर्षाच्या शेवटी, हिशोब वाचण्याच्या बैठकीत, पहिल्या दिवशीची घरांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: बैठकीला किती वेळा, कर्ज किती, मदत किती, कोणत्या पदावर. ज्या नावांपुढे चारही रकाने रिकामे आहेत त्यांच्या घरी समितीने महिन्याभरात जाऊन कारण विचारायचं, आणि ते उत्तर पुढच्या इतिवृत्तात पहिल्या विषयाखाली नोंदवायचं.